ॲपलटनहून: वॉटसनच्या हातातून सुटलेला पास

११ सप्टेंबर २०२२, रविवार. मिनियापोलिसमध्ये पॅकर्स विरुद्ध व्हायकिंग्ज, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधली, सीझनची पहिली मॅच. पॅकर्सकडं बॉल आला आणि पहिल्याच प्लेला ॲरन रॉजर्सनं, आमच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूनं, तो लांब फेकला. टीम आपल्याच २५ यार्डाच्या रेषेवर, म्हणजे पुढं ७५ यार्ड, आणि ख्रिश्चन वॉटसन नावाचा नवा पोरगा, त्याची एनएफएलमधली पहिलीच मॅच, पॅट्रिक पीटरसनसारख्या मुरलेल्या कॉर्नरबॅकला, म्हणजे पास अडवणाऱ्या बचावपटूला, मागं टाकून एकटा पळत होता. बॉल वरून आला, पळतापळता त्याच्या हातांत आला आणि सुटला. पकडला असता तर सरळ टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार, पुढं अडवायला कुणीच नव्हतं. मॅच आम्ही २३-७ अशी हरलो.

आम्ही म्हणतोय कारण मी विस्कॉन्सिनमध्ये ॲपलटनला राहतो, चौदा वर्षं झाली, पॅकर्सचं गाव ग्रीन बे इथून अर्ध्यापाऊण तासावर. ज्यांना पॅकर्स माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, या टीमला कुणी शेठ मालक नाही. लोकांनी शेअर घेतलेत, पाच लाखांच्या वर सभासद आहेत, डिव्हिडंड एक पैसा मिळत नाही, शेअर बाजारात विकताही येत नाही, तरी लोक घेतात आणि सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतात. आमच्याकडं साखर कारखान्याचा सभासद असणं म्हणजे काय हे ज्यानं घरात बघितलंय त्याला ही माया लगेच कळते. जेमतेम एक लाख वस्तीचं गाव आणि ऐंशी हजारांचं स्टेडियम. त्यामुळं तो बॉल सुटला तेव्हा नुसता वॉटसनच्या हातातून नाही सुटला, सगळ्या गावाच्या हातातून सुटला.

दादा कराडला असतो. माझ्यामुळं त्याला याची गोडी लागली, तिकडं मॅच रात्री उशिरा सुरू होते म्हणून तो सकाळी चहाबरोबर हायलाइट्स बघतो आणि मग फोन करतो. त्या दिवशीही केला. म्हणाला, "अरे, पोरगं एवढं मोकळं होतं, तिथं कोणीही टाकेल, त्यात तुझ्या रॉजर्सचं काय एवढं कौतुक? आणि पहिल्याच बॉलला नवख्या पोरावर एवढं ओझं टाकायचंच कशाला? चूक मोठ्याची आहे." हे दोन्ही मुद्दे तेव्हापासून माझ्या डोक्यात आहेत, कारण मला दोन्ही पटत नाहीत आणि का पटत नाहीत ते सांगायचं राहून गेलं होतं.

पहिला मुद्दा. मोकळ्या माणसाला टाकणं सोपं असतं हे टीव्हीवरून वाटतं, कारण टीव्हीवर आपल्याला पोरगा मोकळा दिसतो तो बॉल हवेत गेल्यावर. रॉजर्सला ते आधी दिसायला लागतं. पीटरसन एक पाऊल चुकला, आता हा पोरगा पुढच्या दोन-तीन सेकंदांत कुठं पोचेल याचा अंदाज बांधायचा आणि जिथं आत्ता कुणीच नाही तिथं बॉल पाठवायचा, तेही समोरून दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना. वॉटसन साधा पळणारा नव्हे, कंबाइनमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या चाचणीत, ४० यार्ड ४.३६ सेकंदांत पळालेला, उंची सहा फूट चार इंच. अशा पोराचा वेग सरावातून कळत जातो, महिनोनमहिने एकत्र फेकाफेकी केल्यावर. आणि इथं तर उन्हाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कॅम्पचा बराचसा भाग बुडालेला, रॉजर्स स्वतः प्रीसीझनच्या, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या, एकाही मॅचमध्ये खेळला नव्हता, म्हणजे खऱ्या मॅचमध्ये दोघांनी एकमेकांना कधी बघितलंच नव्हतं! तरी बॉल असा आला की पोराला थांबावं लागलं नाही की मागं वळावं लागलं नाही. जरा आखूड पडला असता तर पीटरसन गाठून आला असता, जरा लांब गेला असता तर पोराचा हातच लागला नसता. लोक म्हणतात अजून उंच टाकायचा होता म्हणजे पोराला बॉलखाली यायला वेळ मिळाला असता. मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल, माझं मत तेच आहे, पास शंभर टक्के होता. हात लागले म्हणजे फेकणाऱ्याचं काम झालं.

पण कागदावर काय उरलं? इनकम्प्लीट, म्हणजे पास पूर्ण झाला नाही. हा खेळ आकड्यांसाठी वेडा आहे, तरी बॉल सोडला याचा अधिकृत आकडा एनएफएल ठेवतच नाही, ते बाहेरच्या कंपन्या क्लिप बघून मोजतात. अधिकृत हिशोबात तो पास रॉजर्सच्या खात्यात फसलेला म्हणून लागला. त्या दिवशीचं त्याचं कार्ड ३४ पैकी २२ पास पूर्ण, १९५ यार्ड, टचडाउन शून्य, एक इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेला पास. पन्नास वर्षांनी कुणी नुसते आकडे वाचले तर म्हणेल म्हाताऱ्याचा हात गेला. क्रिकेटमध्येही तसंच आहे की, बॉलरच्या नावासमोर सुटलेले कॅच कुठं लिहितात? निकालावरून माणूस तोलायचा आणि कामाकडं बघायचंच नाही, ही सवय मला दोन्ही देशांत सारखी दिसते.

आणि इथं मला बरोबर एक आठवडा मागं जावं लागतं. ४ सप्टेंबर २०२२, दुबई, एशिया कप, भारत-पाकिस्तान. अठराव्या ओव्हरमध्ये बिश्नोईच्या बॉलवर असिफ अलीचा साधा कॅच अर्शदीपनं सोडला, असिफचं तेव्हा खातंही उघडलं नव्हतं. पाकिस्ताननं एक बॉल राखून मॅच घेतली. अर्शदीप तेव्हा २३ वर्षांचा, भारतासाठी पदार्पण करून दोन महिने झालेले. पुढचं सगळ्यांना आठवतंय, त्याला खलिस्तानी म्हटलं गेलं, विकिपीडियावर त्याच्या पानात कुणीतरी देशाचं नाव बदललं आणि सरकारला विकिपीडियाला नोटीस काढावी लागली. माझ्या शाळेच्या ग्रुपवर, ज्यात आम्ही चाळीस जण आहोत आणि बहुतेक सगळे सज्जन माणसं आहेत, तिथंही तसले मेसेज फिरले. मी इकडून लिहिलं की बाबांनो हे बरोबर नाही, तर उत्तर आलं की तुला तिकडं बसून काय कळतंय इथलं. ते वाक्य मला लागलं. अजून लागतं.

पण म्हणून मी इथलं सगळं सोन्याचं म्हणून सांगणार नाही, ते खोटं होईल. २०१२ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल विल्यम्सच्या हातून दोन पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेनं लांब मारलेले बॉल, गेले, टीम सुपर बोलला, म्हणजे फायनलला, जायची राहिली आणि त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आता बहुतेक राज्यांत बेटिंग कायदेशीर झाल्यापासून तर एखाद्याचे चार यार्ड कमी पडले तरी त्याला फोनवर घाण घाण मेसेज जातात, खेळाडू स्वतः सांगतात. तरीही एक फरक मला जाणवतो. वॉटसनला सोमवारी सकाळी इथल्या रेडिओवर धू धू धुतला, पण त्याच्या हातांवरून धुतला, सरावावरून धुतला, त्याचं घराणं आणि धर्म कुणी काढला नाही. हे वॉटसनचं नशीब की समाजाची सवय यावर मी इथल्या मित्रांशीही भांडलोय, कारण काळ्या क्वार्टरबॅकबद्दल इथं काय काय बोललं गेलंय तेही मी वाचलंय. मिनेसोटातलीच दुसरी गोष्ट, २०१६ च्या जानेवारीत ब्लेअर वॉल्शनं २७ यार्डांची किक चुकवली, व्हायकिंग्ज १०-९ हरले, आणि तिथल्या एका शाळेतल्या पहिलीच्या मुलांनी त्याला पत्रं लिहिली, तो त्या मुलांना भेटायलाही गेला. पहिलीची मुलं हो! ही गोष्ट मी आमच्या ग्रुपवर टाकली होती आणि तिला कुणीच काही उत्तर दिलं नाही.

आता दादाचा दुसरा मुद्दा, नवख्यावर ओझं कशाला. अरे, पण दुसरं होतं कोण? पॅकर्सचा दवांते ॲडम्स, ज्यानं आदल्या वर्षी १२३ कॅच घेतले होते, त्याला मार्चमध्ये रेडर्स टीमला देऊन टाकलेलं. त्या सौद्यातून मिळालेला एक पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा नंबर, आणि आपला एक पिक जोडून पॅकर्सनी ३४ वा नंबर मिळवला आणि तिथं वॉटसनला घेतलं, तो नंबर विकला कुणी, तर व्हायकिंग्जनीच. म्हणजे हा पोरगा ॲडम्सची जागा भरायलाच आणला होता, त्याला पहिल्या दिवशी नाही पळवायचं तर कधी? जे रॉजर्सचं चुकलं ते मी चुकलं म्हणतो, ऑगस्टमध्ये त्यानं पत्रकारांसमोर उघड सांगितलं की नवी पोरं फार बॉल सोडतायत, रूट, म्हणजे पळायच्या ठरलेल्या वाटा, चुकवतायत. ते मीटिंगमध्ये सांगायचं होतं. व्हायकिंग्जच्या मॅचनंतर मात्र तो म्हणाला की या पोरांच्या बाबतीत धीर धरायला हवा, आणि हेही की सीझन पुढं जाईल तसा तो धीर कमी होत जाईल. मला हे प्रामाणिक वाटलं.

मी स्वतः इंजिनिअर झाल्यावर पहिली नोकरी आपल्याच भागात एका एमआयडीसीत केली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या चुकीच्या सेटिंगमुळं अख्खी शिफ्ट वाया गेली. आमचे सुपरवायझर काका तासभर एक शब्द बोलले नाहीत, मग ओरडले, चांगले ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर मलाच उभं केलं. अमेरिकेत येऊन मला अशी माणसं भेटली आणि याच्या उलटीही भेटली. त्यामुळं तिकडं असं आणि इकडं तसं असं मला म्हणताच येत नाही. दुबईतही बघा ना, कॅच सुटला तेव्हा रोहित भर मैदानात चिडून ओरडला, सगळ्यांनी बघितलं, पण शेवटच्या ओव्हरला सातच रन हातात असताना बॉल त्यानं अर्शदीपकडंच दिला, आणि त्या पोरानं असिफलाच एलबीडब्ल्यू काढून मॅच पाचव्या बॉलपर्यंत नेली. ग्रुपवर कॅचचे व्हिडिओ पन्नास वेळा आले, त्या ओव्हरचा एकदाही नाही. दोनच वर्षांत टी-२० वर्ल्ड कपमध्ये १७ विकेट घेतल्या त्यानं, अफगाणिस्तानच्या फारुकीबरोबर सगळ्यात जास्त, तेव्हा त्याच ग्रुपवर फटाके होते, आणि जुन्या मेसेजबद्दल माफी कुणी मागितली नाही. मी त्याची वाट बघितली होती, खरंच.

तर क्वार्टरबॅकला तोलायचं कसं असं दादा विचारतो तेव्हा मी म्हणतो, तो पास बघ, आणि मग बघ की तो त्याच पोराकडं परत कधी टाकतो. मधल्या काळात वॉटसनला हॅमस्ट्रिंगनं गाठलं, मग डोक्याला मार बसला, टीम सलग पाच मॅच हरली. १३ नोव्हेंबरला लॅम्बोवर, म्हणजे आमच्या स्टेडियमवर, डॅलसची टीम आली. सुरुवातीला वॉटसननं परत बॉल सोडले, माझ्या शेजारचे आजोबा, जे जन्मापासून पॅकर्सवाले आहेत, उठून आत निघून गेले. आणि रॉजर्सनं परत लांब टाकला, ५८ यार्ड, टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये २८-१४ असे मागं, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि सात यार्ड हवेत, परत त्याच्याकडंच टाकला, ३९ यार्ड, टचडाउन. मग तिसरा, आणि ओव्हरटाइममध्ये ३१-२८ जिंकलो. आजोबा कधी बाहेर आले मला कळलंच नाही, माझा हात घट्ट धरून उभे होते.

दादाचा फोन सकाळी आलाच. पोरगं आवडलं त्याला, तीन वेळा म्हणाला. मग थांबून म्हणाला, "पण मला सांग, सातच यार्ड पाहिजे होते ना? मग एवढा लांब कशाला टाकला, चुकला असता तर?" मी म्हटलं दादा, तो मोकळा होता. तो म्हणाला, "मोकळा तर मिनियापोलिसलाही होता." मग आम्ही अजून अर्धा तास बोलत बसलो.