सलाईन, तहान आणि तोंडाची कोरड : तासगावच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या दिवसांत सलाईन शक्यतो टाळा, असं मी आधीच्या लेखात एका अमेरिकी चाचणीच्या आधारे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. शेवटच्या दिवसांत सलाईन टाळायला सांगणं म्हणजे माणसाला तहानेनं तडफडत ठेवणं, हा पहिला. अमेरिकेतली चाचणी सांगलीतल्या खेड्यात घरी खाटेवर पडलेल्या माणसाला लावू नका, हा दुसरा.

दुसऱ्यात तथ्य आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेली ती चाचणी ह्यूस्टन परिसरातल्या १२९ कॅन्सर रुग्णांवर झाली. काहींना रोज १ लिटर सलाईन, बाकीच्यांना नावापुरतं १०० मिली. थकवा, गुंगी, भास, अंगाचे झटके यांत फरक दिसला नाही, आयुष्यही वाढलं नाही. पण अंगातलं पाणी फारच कमी झालेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

म्हणून स्पष्ट लिहितो. उलट्या-जुलाबानं पाणी गेलं असेल, रक्तातलं कॅल्शियम वाढून भ्रम झाला असेल, किंवा मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध) चालू असताना लघवी कमी होऊन अंग झटके देत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवा. तिथं सलाईनचा उपयोग होऊ शकतो. शीर सापडत नसेल तर मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली बारीक सुईनं मिनिटाला साधारण १ मिली या गतीनं नॉर्मल सलाईन देता येतं. जागा लाल झाली, दुखू लागली तर सुईची जागा बदलायची. पायांवर सूज, पोटात किंवा छातीत पाणी असेल तर मात्र सलाईनची बाटली त्रास वाढवू शकते.

आता तहान. तुमची काळजी खरी आहे, पण या टप्प्यावर कोरड बहुतेक वेळा तोंडाची असते. तोंडानं श्वास घेणं, ऑक्सिजन, मॉर्फिनसारखी औषधं यांनी ती पडते आणि बाटलीनं जात नाही. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घाला. बोटाला मऊ गॉज गुंडाळून त्यात भिजवा, घट्ट पिळा, आणि दर दोन तासांनी गाल, हिरड्या, जीभ पुसा. घशापर्यंत जाऊ नका, उबळ येते. कवळी रात्री काढून ठेवा. ओठांना व्हॅसलीन लावा, ऑक्सिजन चालू असेल तर पाण्यात विरघळणारी जेल. लिंबू-ग्लिसरीन नको, त्यानं तोंड आणखी सुकतं. पांढरे चट्टे दिसले तर ती बहुधा बुरशी असते, तिला वेगळं औषध लागतं.

घोट गिळता येत असेल तर पाठीला उशा देऊन, हनुवटी थोडी खाली ठेवून, चमच्यानं द्या. खोकला आला, आवाज घोगरा झाला की थांबा. भेटायला आलेला प्रत्येक जण चमचाभर पाणी पाजू पाहतो, ठसका तिथंच लागतो. त्यांच्या हाती ओला, पिळलेला कापूस द्या, ओठांवरून फिरवायला. गंगाजलही तसंच द्यावं.