व्यासाबरोबर टायरची भारक्षमताही पाहावी
जुन्या मारुती ओम्नी व्हॅनमधील बदलांवरच्या लेखात १२ ऐवजी १३ इंची रिम बसवण्याची सूचना आहे, ती ठीक आहे. मात्र टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या १४५ आर १२ (१४५ मिमी रुंद, १२ इंची रिमच्या) टायरएवढाच राहायला हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. १५५/६५ आर १३ (१५५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १३ इंची) या टायरचा व्यास जवळपास तेवढाच भरतो, पण कारचा टायर भरलेल्या व्हॅनचे वजन पेलेलच असे नाही, म्हणून बाजूवर छापलेला भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) वाचूनच तो घ्यावा. मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा घालण्याची टूम मला मुळीच पटत नाही, कारण स्प्रिंग कडक होऊन रिकामी गाडी घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांत मागून उडते. त्यापेक्षा झिजलेले बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि शॉक अॅब्जॉर्बर बदलावेत. मोठ्या बदलापूर्वी, मोटार वाहन कायदा, १९८८ चे गाडीतल्या फेरफारांविषयीचे कलम ५२ ध्यानात ठेवून, ठाणे आरटीओत चौकशी करावी.