नाक मोकळं न करणारी गोळी

काल दिवेलागणीला एक ट्रॅक्टरवाला दुकानात आला. डोळे लाल, आवाज पार नाकातला. "ताई, नाक लई चोंदलंय. सर्दीच्या चार गोळ्या द्या कापून." आमचं गाव साखर कारखान्याचं. हंगाम सुरू झाला की थंडी, धूळ आणि सर्दी एकत्रच येतात. असं गिऱ्हाईक आलं की तेवीस वर्षं माझा हात आपोआप डावीकडच्या ड्रॉवरकडे गेलेला आहे. स्ट्रिप काढायची, कात्रीने चार गोळ्या कापायच्या, सुट्टे पैसे द्यायचे. गेली दोन वर्षं तो हात मध्येच थांबतो. का थांबतो, ते आज लिहायला बसलेय. पोस्ट लांबेल, पण सर्दी होत नाही असा माणूस वाचणाऱ्यांत कुणी नसेल, म्हणून वाचा.

सर्दीच्या गोळीत साधारण तीन औषधं असतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. शिंका आणि वाहतं नाक यासाठी क्लोरफेनिरामिन. आणि चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून फेनिलेफ्रिन. काही गोळ्यांत कॅफीनही असतं. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नाही. तिसरं औषध मात्र गिळून घेतलं तर नाक मोकळं करत नाही. साखरेच्या गोळीने जेवढं होईल तेवढंच त्याने होतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (आपल्या अन्न व औषध प्रशासनालाही आपण एफडीएच म्हणतो, ते वेगळं) तज्ज्ञांच्या समितीपुढे हा प्रश्न ठेवला: तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन, ठरलेल्या मात्रेत, चोंदलेल्या नाकावर काम करतं का? समितीतले १६ जण. सोळाच्या सोळा "नाही" म्हणाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच एफडीएने हे औषध विनाचिठ्ठी मिळणाऱ्या पोटातल्या औषधांच्या यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. धोका आहे म्हणून काढतोय असं त्यांनी म्हटलेलं नाही. उपयोग होत नाही, एवढंच कारण दिलं. २०२२ या एका वर्षात त्या देशात हे औषध असलेली २४ कोटींहून जास्त पाकिटं-बाटल्या विकल्या गेल्या होत्या.

हे औषध खोटं नाही. नाकात थेट फवारलं तर त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक उघडतं. गिळलं की गोष्ट बदलते. आतड्याच्या अस्तरातली एन्झाइम्स रक्तात जायच्या आधीच त्याचा फडशा पाडतात. पुस्तकात आम्ही शिकलो की ३८ टक्के औषध रक्तात पोचतं. पुढे कळलं की त्या जुन्या मोजणीत मोडतोड होऊन निकामी झालेले तुकडेही धरले होते. कामाचं, धड अवस्थेतलं औषध पोचतं एक टक्क्याहूनही कमी.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहितेय ते. ही गोळी कारखान्यातून निघताना सगळ्या परीक्षा पास झालेली असते. वजन बरोबर, औषधाचं प्रमाण बरोबर, पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते बरोबर. प्रयोगशाळेचा शिक्का खरा. फक्त माणसाचं नाक उघडतं का, ही परीक्षा त्या यादीत नाही. ती एकदा कधीतरी झाली होती. १९७६ मध्ये तिकडच्या समितीने जुने अभ्यास पाहून हे औषध गुणकारी ठरवलं होतं. अभ्यास लहान होते, निकाल एकमेकांशी जुळत नव्हते, आणि जे जमेचे होते त्यांतले बरेचसे एकाच ठिकाणाहून आलेले होते. एकदा शिक्का बसला आणि पुढची तीस वर्षं कुणी वळून पाहिलं नाही.

वळून पाहिलं ते दोन फार्मासिस्टांनी. फ्लोरिडा विद्यापीठातले लेस्ली हेंडेलेस आणि रँडी हॅटन. जुने, न छापलेले अहवाल मिळवून त्यांनी सगळे आकडे पुन्हा मांडले आणि २००७ मध्ये एफडीएकडे अर्ज केला की याची फेरतपासणी करा. नवे अभ्यास झाले. व्हिएन्नामध्ये एक खास खोली आहे, तिच्यात मोजून गवताचे परागकण सोडतात. ॲलर्जीचे ३९ रुग्ण तिथे तासन्‌तास बसवले, आळीपाळीने कधी फेनिलेफ्रिन, कधी नाक मोकळं करणारं जुनं औषध स्यूडोएफेड्रिन, कधी नुसती पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी दिली. स्यूडोएफेड्रिनने नाक उघडलं. फेनिलेफ्रिन आणि पोकळ गोळी सारख्याच ठरल्या. मग कुणी म्हणालं, मात्रा वाढवून बघा. ५३९ जणांवर १० मिलीग्रॅमपासून ४० मिलीग्रॅमपर्यंत वाढवून बघितली. आपल्या गोळीत ५ नाहीतर १० असतं. चौपट देऊनही काही फरक नाही. २०१५ मध्ये या दोघांनी पुन्हा अर्ज केला, या वेळी सरळ यादीतून काढा म्हणून. २००७ ते २०२३, सोळा वर्षं एका सर्दीच्या गोळीपायी. या दोघांबद्दल मला किती वाटतं ते शब्दांत नीट येणार नाही. औषधाच्या दुकानामागे उभ्या असणाऱ्या प्रत्येकाने त्यांची नावं लक्षात ठेवावीत असं वाटतं.

आपल्याकडे हे औषध घराघरात कसं शिरलं, ते मी काऊंटरवरून पाहिलंय. मी दुकान सुरू केलं तेव्हा सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करायला फिनाइलप्रोपॅनोलामाइन असायचं. त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आणि तिथे ते २००० सालीच मागे घ्यायला लावलं. आपल्याकडे बंदी आली फेब्रुवारी २०११ मध्ये. जुना माल परत गेला आणि थोड्याच दिवसांत तीच नावं, तेच रंग, तसंच वेष्टन घेऊन गोळ्या पुन्हा आल्या. मागच्या बारीक अक्षरांत एक नाव बदलून फेनिलेफ्रिन झालं होतं. कुणाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. धोक्याचं औषध गेलं याचं समाधान होतं. त्याच्या जागी आलेलं काम करतं का, हा प्रश्न डोक्यातच आला नाही.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं लोकांना कळलं कसं नाही? मलाही हेच वाटायचं. पण काऊंटरवर उभं राहिलं की उत्तर दिसतं. माणूस दुकानात येतो तो सर्दीच्या तिसऱ्या दिवशी, अगदी असह्य झालं की. चौथ्या-पाचव्या दिवशी सर्दी आपसूकच उतरायला लागते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि कावळ्याला श्रेय मिळतं. शिवाय गोळीतल्या पॅरासिटामॉलने अंग हलकं होतं, क्लोरफेनिरामिनने गुंगी येऊन झोप लागते. सकाळी माणूस सांगतो, "गोळी कडक होती ताई, लगेच लागू पडली." तो खोटं बोलत नाही. त्याला बरं वाटलेलंच असतं. फक्त नाक कशाने उघडलं, हे त्याच्या किंवा माझ्या अनुभवावरून कळूच शकत नाही. त्यासाठी कुणीतरी शंभर-दोनशे माणसं घेऊन, अर्ध्यांना खरी आणि अर्ध्यांना पोकळ गोळी देऊन, कुणाला काय दिलं हे झाकून ठेवून मोजायलाच लागतं.

आणि सर्दीसारख्या किरकोळ दुखण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार, असं म्हणू नका. केलाय लोकांनी. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ पासून चार दशकांहून जास्त काळ नुसत्या सर्दीवर संशोधन करणारं केंद्र चालू होतं. युद्धकाळातल्या रुग्णालयाच्या जुन्या बराकी. हजारो माणसं आपणहून तिथे दहा-दहा दिवस येऊन राहिली. नाकात विषाणूचे थेंब घालून घेतले, काहींना नुसतेच साधे थेंब. कोणाच्या नाकात काय गेलंय ते तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसायचं. सर्दी किती झाली हे ठरवायला वापरलेले रुमाल मोजायचे. सर्दीवर रामबाण उपाय त्यांना सापडला नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. पण माणसाला सर्दी करणारा कोरोना विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो याच बराकीत, १९६५ मध्ये, डेव्हिड टायरेल यांच्या चमूला. किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं तर?

आता छिंदवाड्याचं लिहिते. लिहिताना हात जड होतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलं खोकल्याच्या सिरपने गेली. वीसहून अधिक. मूत्रपिंडं निकामी झालेली बरीच मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, तपासणीत ४८.६ टक्के निघालं. चालू शकतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. मुंबईला हे नवं नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले होते आणि त्यावर लेंटिन आयोग बसला होता. भेसळ हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण छिंदवाड्याच्या त्या बाटलीवर औषधांची नावं काय होती, हे किती जणांनी वाचलं? त्यांत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन होती. ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, तसं लेबलवर छापावं, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. म्हणजे सिरप शुद्ध असतं तरी ते त्या लेकरांसाठी नव्हतंच. आपोआप बरी होणारी सर्दी, तिच्यावर नाक न उघडणारं औषध, आणि त्या औषधाच्या बाटलीतून आलेलं विष.

कारखान्यावर ऊसतोडीला आलेली एखादी बाई दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन येते आणि "खोकल्याची बाटली द्या" म्हणते. तिची दिवसाची मजुरी आणि बाटलीची किंमत मला माहीत असते. मी देत नाही. समजावते की दूध ओढायचं थांबलंय का, श्वास जोरात चाललाय का, छाती आत ओढली जातेय का बघ, तसं असेल तर इथे थांबू नको, सरळ दवाखाना गाठ. नाहीतर मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाल, अंगावर पाजत राहा. मूल वर्षाच्या वर असेल तर चमचाभर मध सांगते, वर्षाखाली अजिबात नाही. कधी ती ऐकते. कधी तोंड बारीक करून समोरच्या दुकानात जाते. तिच्या हातून पोराला काहीतरी मिळायला हवं असतं, आणि माझ्याकडे द्यायला नुसते शब्द असतात. तो क्षण फार अवघड असतो.

माझी भाची एम.फार्म. झाली. वर्षभर तिने एक गोळी तोंडात लवकर विरघळावी म्हणून खपून काम केलं. उत्तम काम होतं. मी विचारलं, लवकर विरघळल्याने रुग्णाला लवकर बरं वाटतं का? ती म्हणाली, "मावशी, ते आमच्या प्रोजेक्टमध्ये येत नाही." महाराष्ट्रात गावोगाव फार्मसी कॉलेजं आहेत. शेजारी ग्रामीण रुग्णालयं आहेत. सर्दीचे रुग्ण तर रांगेत उभे आहेत. नाकातून हवा किती जोरात जाते हे मोजायचं साधं नळीचं उपकरण मिळतं. नैतिकता समितीची परवानगी घेऊन, राष्ट्रीय नोंदवहीत चाचणी नोंदवून ही कॉलेजं हे का करू शकत नाहीत? वाफारा खरंच उपयोगी पडतो का? परदेशातल्या चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही, आणि उकळत्या पातेल्याने भाजलेली पोरं मात्र दिसतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आलं-मध, आपल्या आजीचे काढे, हे सगळं आपण मोजायला हवं. चांगलं निघालं तर छातीठोकपणे सांगू, नाही निघालं तर सोडून देऊ.

सरकारला जमत नाही असंही नाही. २०११ मध्ये जमलं. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर एका झटक्यात बंदी घातली, त्यांत सर्दीची काही मिश्रणंही होती. मग गिळायच्या फेनिलेफ्रिनबद्दल आपल्या देशाने स्वतःचा स्पष्ट निर्णय घ्यावा, एवढंच मागणं आहे. धोकादायक औषध काढायला आपण शिकलोय. निरुपयोगी औषध काढायला शिकायचं बाकी आहे. "लोकांना बरं वाटतंय ना, मग तुझं काय जातं?" असं एका धंद्यातल्या मित्राने विचारलं. माझं जातं. मी त्या माणसाकडून पैसे घेते आणि त्याला सांगते की याने नाक उघडेल.

कालच्या ट्रॅक्टरवाल्याला मी पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या दिल्या, मिठाच्या पाण्याचा फवारा दिला, आणि रात्री झोप लागावी म्हणून नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब. ब्लडप्रेशर आहे का ते आधी विचारलं. थेंब तीन दिवसच, हे दोनदा बजावलं, कारण ते सात-आठ दिवस घातले की नाक उलट जास्त चोंदतं आणि मग सुटत नाही. वर्षानुवर्षं खिशात तीच बाटली घेऊन फिरणारे दोन ट्रक ड्रायव्हर माझ्या ओळखीचे आहेत.

त्याने ड्रॉवरकडे बोट दाखवलं. "मग त्या गोळ्या इतकी वर्षं का देत होता ओ ताई?"

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं, दादा."

तो थोडा वेळ बघत राहिला. मग बाटली खिशात टाकली. "तीन दिवस बघतो. नाय उघडलं तर परत येतो तुमच्याकडंच."