झुरळांना रोबो-पुढारी मिळालाच नव्हता

‘शास्त्रज्ञांनी झुरळांचा पुढारी बनवला. रिमोट दाबला की रोबो निघतो आणि सगळी झुरळं त्याच्यामागे जातात. आता घरं झुरळमुक्त होणार आणि उद्या माणसांचे जमावही असेच हाकता येणार.’ हा दावा समाजमाध्यमांवर अजून फिरतो. त्यामागचा प्रयोग खरा आहे. ब्रुसेल्सच्या विद्यापीठातले जोझे हालॉय, ज्याँ-लुई डेनूबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातून काढलेले अर्थ मात्र चुकीचे आहेत.

रिमोट नव्हताच. रोबो आपापले चालत होते, आपल्या सेन्सरनी झुरळं ओळखत होते.

पुढारीही नव्हता, आणि प्रयोगाचं सगळं मोल त्यातच आहे. झुरळांत हुकूम सोडणारा कुणी नसतो. आडोसा जितका अंधारा आणि त्याखाली सोबती जितके जास्त, तितका वेळ झुरळ तिथे थांबतं. एवढ्याशा नियमातून अख्खी टोळी एका जागी गोळा होते. रोबोंनाही हाच नियम घालून दिला होता, फक्त समोर ठेवलेल्या दोन आडोशांपैकी कमी अंधारा त्यांना आवडावा अशी सोय केली होती. नुसती झुरळं असताना ७३ टक्के वेळा टोळीने जास्त अंधारा आडोसा निवडला. बारा झुरळांत चार रोबो मिसळल्यावर ६१ टक्के वेळा निवड उजळ आडोशाची झाली. दावा करणारे इथेच थांबतात. उरलेल्या ३९ टक्के वेळा झुरळांनीच रोबोंना त्यांच्या आवडीविरुद्ध अंधारात ओढून नेलं! रोबो टोळीवर परिणाम करत होते आणि टोळी रोबोंवर. याला ताबा म्हणत नाहीत.

रोबो झुरळासारखे दिसत होते, हेही खोटं. काडेपेटीएवढी चाकांची डबी होती ती. झुरळांनी तिला आपलं मानलं ते वासामुळे. झुरळांच्या अंगावरची रसायनं गाळणकागदाला लावून तो कागद डबीभोवती गुंडाळला होता. मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

घर झुरळमुक्त करण्याचं म्हणाल, तर प्रयोग झाला बंदिस्त रिंगणात, दोनच आडोसे ठेवून, आणि टोळीतला दर चौथा सदस्य रोबो होता. स्वयंपाकघरातल्या भेगा आणि सिंकखालची ओल तिथे नव्हती. झुरळांना उजेडात बाहेर काढायचंही नव्हतं; एका आडोशाऐवजी दुसरा, एवढाच प्रश्न होता.

राहिली माणसं. माणसांबद्दल या प्रयोगात काहीही तपासलेलं नाही. टोळी निर्णय कसा घेते याचं गणिती प्रारूप आधी मांडलं होतं. ते बरोबर असेल तर त्याच नियमाने चालणारं यंत्र टोळीत सामावलं जाईल आणि निवडही बदलेल, एवढी परीक्षा शास्त्रज्ञांना घ्यायची होती. त्या परीक्षेत प्रारूप उतरलं.