भाऊ, आधी एक पावसाळा पाड्यावर काढ

नुकत्याच वाचलेल्या एका लेखातला पोरगा म्हणतो नोकरी नको, सातपुड्यात एकटा झोपडी बांधून राहीन, कुणाकडून काही घेणार नाही. भाऊ तुझं स्वप्न मला मनापासून आवडलं, मी शहाद्याचा, विशीत मलापण हेच वाटायचं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचे पावरा, भिल्ल आदिवासी ज्यांना तू स्वयंपूर्ण समजतोस ते एकटे कधीच राहत नाहीत रे. घर बांधायचं तर पाडा धावून येतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा पहाटे लहान पोरांसकट सगळं घर वेचायला जातं, मग कैऱ्या आल्या की त्या सोलून, कापून आमचूर वाळवायचं आणि ते विकूनच बाजारातून मीठ, तेल, कापड आणायचं, मीठ काही डोंगरात पिकत नाही. एवढं करूनपण दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, कारण उताराची जमीन वर्षभर पोसत नाही.

आणि कायद्याचं तर कोणी बोलतच नाही. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात आदिवासी नसलेल्याला जंगलजमिनीवर हक्क सांगायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणजे तू आज जाऊन झोपडी टाकलीस तर ते अतिक्रमणच.

तरी स्वप्न सोडू नको. जूनमध्ये पेरणीला ये, ज्वारी-मका काढेपर्यंत राहा, ओळखीच्या घरी सोय मी करतो.