व्हिडिओ अडकतोय म्हणून प्लॅन वाढवू नका, आधी हे वाचा

व्हिडिओ अडकण्यावरचा एक संदेश सध्या ग्रुपांमधून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: बफरिंग होतंय म्हणजे नेट स्लो आहे, जास्त एमबीपीएसचा (म्हणजे जास्त वेगाचा) प्लॅन घ्या, डीएनएस बदला, व्हीपीएन लावा, राउटर रोज बंद-चालू करा, ॲपची कॅशे (त्याने तात्पुरता साठवलेला डेटा) साफ करा, आणि चित्र धूसर दिसत असेल तर तेही नेटमुळेच. वाचून लोक खरोखर पैसे खर्च करतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू या.

‘जास्त एमबीपीएस घ्या.’ नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. यूट्यूब फोर-केसाठी २० सांगतं. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एकच टीव्ही चालू असताना व्हिडिओ अडकत असेल, तर ३०० घेऊनही तो बहुधा अडकेलच, कारण अडचण बहुतेक वेळा घरातच असते, राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या काही फुटांत. मी स्वतः ही चूक केली आहे. प्लॅन वाढवला, बिल वाढलं, फोर-के तसंच अडकत राहिलं. राउटर लोखंडी कपाटामागे होता आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे. शेवटी एक इथरनेट केबल ओढली आणि त्या दिवसापासून तक्रार संपली. टीव्हीचं लॅन पोर्ट, म्हणजे ही केबल जोडायची जागा, पुष्कळदा १०० एमबीपीएसचंच असतं. त्याने बिचकू नका, फोर-केला ते भरपूर आहे.

केबल शक्य नसेल तर वायफायचं गणित समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण त्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल (पट्ट्याचे भाग) जेमतेम तीन: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच दाटीवाटीने असतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी आणि वेग जास्त, मात्र भिंतींपुढे तो लवकर दमतो. राउटर उंचावर, उघड्यावर, शक्य तितका टीव्हीच्या जवळ आणा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा. साधा रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पोचवणारा डबा, घेताना सावध राहा. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि पुढे पाठवायचं, यात वेग निम्म्यावर येतो.

आणखी एक कारण त्या संदेशात नावालाही नाही: अपलोड. कुणाचा फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेऊ लागला की अपलोडची वाट भरून जाते, आणि ‘मिळालं, पुढचं पाठव’ असं सर्व्हरला कळवणारे छोटे संदेशही त्याच रांगेत अडकतात. डाउनलोड मोकळा असूनही व्हिडिओ थांबतो. बॅकअप झोपेच्या वेळेवर ढकला, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची) सोय असेल तर ती वापरा.

‘डीएनएस बदला, व्हीपीएन लावा.’ डीएनएसचं काम वेबसाइटचं नाव घेऊन तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगण्याचं. पत्ता मिळाल्यावर व्हिडिओचा एकही बाइट त्याच्याकडून येत नाही. उलट प्रश्न कुठल्या डीएनएसकडून आला हे पाहून काही सेवा जवळचा सर्व्हर निवडतात, त्यामुळे भलताच डीएनएस घेतला तर दूरचा सर्व्हर गळ्यात पडू शकतो. व्हीपीएन तर तुमचं सगळं येणं-जाणं मधल्या दुसऱ्याच सर्व्हरवरून नेतो, म्हणजे वळसा वाढतो. त्याचा उपयोग तपासणीपुरता: तो लावल्यावर व्हिडिओ सुरळीत झाला, तर दोष घराबाहेरच्या मार्गात आहे.

‘राउटर रोज रिस्टार्ट करा.’ याने कधी कधी खरंच फरक पडतो, हे मान्य. पण का? अडखळलेला राउटर ताजा होतो, आणि चॅनेल ऑटोवर असेल तर तो सुरू होताना मोकळा चॅनेल शोधतो. मग एकदाच हाताने चांगला चॅनेल ठरवून द्या, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. तरीही रोज गरज पडत असेल तर राउटर तापतोय का ते पाहा.

कॅशे साफ करून बिघडलेलं ॲप सुधारतं, कमकुवत वायफाय नाही.

‘चित्र धूसर म्हणजे नेट स्लो.’ इथे संदेश अर्धाच बरोबर आहे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि वेग घसरला की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो. न थांबता चित्र मऊ होणं हे त्याचंच लक्षण. पण ॲपमध्ये डेटा सेव्हर चालू असेल, तर कितीही वेग असला तरी दर्जा खालचाच मिळतो. फोनमध्ये वाइडवाइन या कॉपी-संरक्षण प्रणालीची एल-१ पातळी नसेल तर अनेक सेवा एचडी देतच नाहीत. यूट्यूबवर नुकताच चढवलेला व्हिडिओही प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कमी दर्जात दिसतो. यांपैकी एकही गोष्ट प्लॅन बदलून सुधारणार नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी एक चाचणी करा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि अडकणारा तोच व्हिडिओ लावा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री गर्दीच्या वेळी. दोन्ही वेळा नीट चालला, तर वायफाय दुरुस्त करायचं. फक्त रात्री अडकला, तर पुरवठादाराकडची वाट तुंबते आहे. तारीख आणि वेळा लिहून ठेवा आणि त्या दाखवून तक्रार करा. केबलवर दोन्ही वेळा अडकला आणि स्पीड टेस्टचा आकडाही गरजेपेक्षा कमी आला, तरच मोठ्या प्लॅनचा विचार करा.