सहा बाय दोनची जागा

मुंबईतला फ्लॅट आणि सह्याद्रीतल्या रतनगडावरच्या गुहेतली झोपायची जागा, दोन्ही उजेडी बघून घ्यावं. अंधारात सगळंच सपाट दिसतं.

म्हणून साडेचारच्या आत वर पोहोचायचं. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराला हात जोडायचे, गड अभयारण्यात येतो तेव्हा वर मुक्काम चालतो का ते तिथेच विचारायचं आणि चढायला लागायचं. रानात एक फाटा येतो. उजवीकडची वाट रतनगडाच्या शिड्यांकडे जाते, सरळ वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला. सरळ गेलात तर हरिश्चंद्रेश्वराला माझाही नमस्कार सांगा, उद्यापर्यंत पोहोचाल.

शिड्या लोखंडी आहेत. सॅकला आडवी बांधलेली कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची गुंडाळी, कठड्यात अडकते आणि माणूस पुढे न मागे असा लोंबकळत राहतो. मॅट उभी बांधावी, हे खालून चार जण ओरडून सांगतात. तेव्हा त्याचा उपयोग नसतो.

गणेश दरवाज्यातून आत गेलं की उजव्या हाताला गुहा. लहान गुहेत रत्नादेवी, मोठीत आपण. इथे लोकलचा कायदा लागू: रुमाल टाकला त्याची जागा. पण टाकायचा कुठे, यात खरं कसब आहे. तोंडाशी वारा. अगदी आत ओल. मधोमध झोपलात तर रात्री बाहेर जाणारा प्रत्येक जण तुमच्या पोटरीचा पायरी म्हणून वापर करतो. भिंतीलगत, पण भिंतीला न चिकटता, हाताएवढं अंतर सोडून पसरावं. आधी छताकडे बघायचं. जिथे काळपट ओघळ किंवा शेवाळ दिसेल, त्याच्या बरोब्बर खाली रात्री दोन वाजता कपाळावर टिप्प होतं. मग पाण्याची बाटली आडवी ठेवायची. ती घरंगळते त्या बाजूला पाय. डोकं उताराकडे केलं तर सकाळी तोंड पुरीसारखं फुगतं, आणि स्लीपिंग बॅगसकट माणूस रात्रभर शेजाऱ्याच्या हद्दीत सरकतो ते वेगळंच.

थंडीबद्दल एक सार्वत्रिक गैरसमज आहे की ती वरून येते. डिसेंबरात इथला कातळ अंगातली ऊब खालून ओढून घेतो. घरून आणलेल्या तीन चादरी अंगावर घेऊन कुडकुडण्यापेक्षा दोन खाली घाला. अंगाखाली दबून स्लीपिंग बॅगेतली हवा निघून जाते, मग तिची खालची बाजू नुसतं कापड उरते. म्हणून मॅट लागतेच. मॅट विसरलेल्यांनी रिकामी सॅक कमरेखाली घ्यावी, पावसाळी जाकीट खांद्याखाली, आणि विसरल्याचं खापर यादी करणाऱ्यावर फोडावं.

आता खिचडी. तूरडाळ आणणाऱ्याला शिडीवरूनच परत पाठवावं. उघड्या पातेल्यात ती शिजेपर्यंत गॅस संपतो. चौघांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. डाळ पोहोचल्या पोहोचल्या भिजत टाकायची. पाणी नऊ ते दहा वाट्या. साधारण १,३०० मीटरवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो, पण कच्ची राहिलेली प्रत्येक खिचडी उंचीच्या नावावर खपवू नये. खरे गुन्हेगार दोन: झाकण घरी राहिलेलं असतं आणि वाऱ्याला आडोसा केलेला नसतो. पातळ ॲल्युमिनियमच्या टोपाला छोट्या स्टोव्हची आच मधोमध लागते, म्हणून मध्ये करपते आणि कडेला टणक राहते. ढवळत राहणं हा एकच उपाय, आणि ढवळणारा सोडून सगळे सूर्यास्त बघायला गेलेले असतात.

गारठ्यात गॅसची ज्योत मरगळते. डबी तासभर जाकिटात घेऊन बसा; आचेपाशी मात्र कधी नेऊ नका. स्वयंपाक गुहेच्या तोंडाशीच करायचा. पाणी कातळातल्या टाक्यातून गाळून आणि उकळून घ्यायचं, आणि ताटं टाक्यात विसळणाऱ्याला उरलेली भांडी घासायला द्यायची.

दहाला सगळे झोपतात, म्हणजे आडवे होतात. घोरण्याला गुहेत घुमारा मिळतो. बाहेर निजणारा साधा माणूस आत शास्त्रीय गायक होतो. मग उंदीर येतात. ते प्लास्टिकची पिशवी फाडतात ती शेवेसाठी, पण वाटेत सॅकचं कापड आलं तर तेही कुरतडतात. म्हणून सॅकची चेन उघडी ठेवायची, जा बाबा, बघ, काही नाही. आणि खाऊ सगळा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. मग उंदीर रात्रभर डबा वाजवतात.

रात्री बाहेर जायची वेळ आली तर टॉर्च उशाशी हवा. सॅकच्या तळाशी असलेला टॉर्च शोधायला दुसरा टॉर्च लागतो. टाक्यांपासून साठ-सत्तर पावलं लांब, कड्यापासून त्याहून लांब, वीतभर खड्डा, वर माती. बूट पिशवीत बांधून आत ठेवायचे आणि सकाळी झटकून घालायचे. विंचवालाही उबदार जागाच हवी असते.

डोळा लागतो तो साडेचारला, आणि पाचला कुणीतरी ‘नेढ्यातून सूर्योदय!’ म्हणून ओरडतो. जा. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक; तिथे वारा असा असतो की टोपी खालच्या साम्रद गावात पोहोचते, पण समोरचे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि कळसूबाई त्या उजेडात बघावेत. मात्र निघताना गुहेत एक जण पहाऱ्याला ठेवा. रतनगडावरच्या वानरांना चेन उघडता येते, आणि त्यांचं येणं-जाणं गडावरच्या कुठल्याही किल्लेदाराइतकं शिस्तीत असतं. परत येऊन बघावं तर तुमच्या मॅटवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून, बरोबर उताराकडे पाय करून एक जण बसलेला. शेवेची पिशवी मांडीवर.